बदामाच्या पानांचं पाणी

रविवार, ७ जून १९८७

आजपासून मी मुंबईकर झालो. तसं हे मरोळ, अंधेरी स्टेशनपासून बरंच आत, पण सांगलीला मीराला जे कार्ड टाकलं त्यात मी 'मुंबई' असंच ठोकून दिलं आहे. धाकट्या बहिणीवर एवढी छाप तर पडायलाच हवी. ट्रंक, वळकटी, स्टोव्ह आणि क्षमाचा फोटो, असा माझा सगळा संसार टॅक्सीतून उतरला तेव्हा समोरच्या दारातून रुक्मिणीकाकू हाताची घडी घालून बघत होत्या. त्या मालवणकडच्या. मी पायपुसण्यावर पाय पुसेपर्यंत त्यांनी माझं नाव (नंदकुमार खासनीस), बायको (चार वर्षांपूर्वी गेली), मुलं (नाहीत) हे सगळं काढून घेतलं आणि वर चहा दिला. मला बरं वाटलं. मला बोलायला आवडतं आणि माझी नोकरीही बोलायचीच आहे. पंप बनवणाऱ्या कंपनीत मी टेलिफोन ऑपरेटर. कोल्हापूरचा डेपो बंद झाला तेव्हा बाकीच्यांना घरी बसवलं, मला मात्र इथल्या कारखान्यात बोर्डावर बोलावून घेतलं. साहेब म्हणाले, तुमचा आवाज गोड आहे, गिऱ्हाईक भांडायचं विसरतं.

जागा तळमजल्यावर, दोन खोल्यांची. मालकीणबाई वसुधाताई फणसे पुण्याला भावाकडे असतात, आज किल्ली द्यायला मुद्दाम आल्या होत्या. भाडं अगदी नावापुरतं, कारण जागेबरोबर एक काम येतं. आतल्या खोलीत लोखंडी घोडीवर काचेच्या पाच टाक्या आहेत, त्यातले मासे सांभाळायचे. त्यांचे यजमान मार्तंडराव जहाजावर इंजिनिअर होते. मलायाच्या रानातल्या ओढ्यातून त्यांनी हे मासे थर्मासमध्ये घालून आणले आणि दोन वर्षांपूर्वी जाताना, टाक्या मोडायच्या नाहीत, असं बायकोकडून कबूल करून घेतलं. मधल्या काळात दोन भाडेकरू येऊन गेले, त्यांना मासे नकोसे झाले. मासे म्हणजे आम्ही न खाण्याची गोष्ट, एवढीच माझी त्यांच्याशी ओळख. पण मी हो म्हटलं. बाईंनी सगळं छान समजावून सांगितलं, फक्त उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून. गुडघे दुखत असतील.

बुधवार, १० जून

वसुधाताई या माशांना फायटर म्हणाल्या होत्या. फायटर म्हणजे दुकानात बरणीत ठेवतात तो लाल-निळा, लांब शेपटीचा मासा, असं मी समजत होतो. हे त्याचे रानातले चुलते निघाले. बोटाएवढे, मातकट, गालावर हिरवी झाक, तीही उजेड तिरका पडला तरच दिसते. काकूंचं म्हणणं, खाण्याच्या कामाचे नाहीत नि बघण्याच्याही, मग हवेत कशाला?

त्यांचे नखरे मात्र जावयासारखे. नळाचं पाणी त्यांना चालत नाही, त्यातल्या औषधाने भाजतं म्हणे. ते बादलीत एक दिवस ठेवायचं, मग त्यात बदामाची वाळलेली पानं टाकायची. खायचा बदाम नव्हे, आपल्या रस्त्याकडेला असतो तो मोठ्या पानांचा. खिडकीबाहेरच एक झाड आहे. पानांनी पाणी कोऱ्या चहासारखं होतं आणि तसल्या काळपट पाण्यातच हे खुश असतात. खायला डासांच्या अळ्या. महापालिकेचा माणूस औषध मारत फिरतो आणि मी त्याच्या पुढे पुढे, मागच्या पिंपातल्या अळ्या चहाच्या गाळण्याने गाळून पळवतो.

पाणी बदलायला रबरी नळी आहे. एक टोक टाकीत, दुसरं तोंडात, जरा ओढायचं आणि पाणी आलं की चटकन खाली बादलीत सोडायचं. मार्तंडराव असंच करत, असं वसुधाताई म्हणाल्या. पहिल्या दिवशी माझा अंदाज चुकला आणि घोटभर तोंडात आलं. वाईट नव्हतं, मातीच्या माठातल्या पाण्याच्या चवीचं होतं.

कामावर दिवसभर शेकडो लोक माझ्याशी बोलतात. जरा शिंद्यांना द्या, जरा गोडाऊनला लावा. माझ्यासाठी मात्र कोणाचा फोन येत नाही. घरी येऊन बोलायला लागलो की मासे काचेपाशी गोळा होतात. अळ्यांसाठी येत असतील, पण येतात.

रविवार, १४ जून

दुपारी जेवायचं राहूनच गेलं. तिसऱ्या टाकीतल्या जोडीने मला स्टुलावर खिळवून ठेवलं. नर मादीला असा लपेटून घेतो की पंचा पिळावा. मग दोघं सैल पडतात आणि नराच्या पंखावर पांढरे दाणे ओघळतात, अगदी साबुदाणा. मादी ते एकेक तोंडात वेचते आणि नराच्या पुढ्यात थुंकते, तो झेलून तोंडात घेतो. कधी नेम चुकला तर ती पुन्हा वेचून पुन्हा देते, न कंटाळता. शेवटी त्याचे गाल फुगले आणि तो पानाखाली जाऊन बसला.

वसुधाताईंनी सांगितलंच होतं. आता पिल्लं बाहेर पडेपर्यंत तो तोंड उघडणार नाही, एक अळीही खाणार नाही. पोरं आईची नव्हे, बापाची. नवखा नर मात्र दचकला की सगळी गिळून टाकतो.

क्षमाला हे बघायला आवडलं असतं. आम्ही डॉक्टर केले, नवस केले, मिरजेच्या बाईंचं औषध केलं. पाळणा काही हलला नाही. शेवटी आम्ही तो विषय सोडला आणि मग बाकीचे विषयही हळूहळू सुटत गेले. एवढंच लिहायचं होतं.

रविवार, २१ जून

काकूंकडे शिरवाळे खाल्ले, नारळाच्या गोड रसातल्या तांदळाच्या शेवया. जिन्याखाली हार घातलेला एक फोटो आहे, तो कोणाचा, हे आज कळलं. मार्तंडराव फणसे. काकू सांगताना कौतुकाने भिजल्या होत्या. मार्तंडरावांनी शेवटच्या चातुर्मासात कडक व्रत धरलं होतं. मौन, आणि वर अन्न नाही. बोलायचं ते पाटीवर लिहायचे. सगळी बिल्डिंग त्यांचं व्रत सांभाळायची, मुलं जिन्यात आवाज करत नसत, पार्ल्याहून माणसं दर्शनाला येत. भाद्रपदात त्याच खोलीत गेले. असं मरण भाग्याचं, असं म्हणून काकूंनी हात जोडले.

फोटो शेवटच्या आठवड्यातला आहे म्हणे. मी येताना निरखून पाहिला. हात काडीसारखे, गळा खोल गेलेला. गाल मात्र चांगले भरलेले होते.

गुरुवार, २५ जून

माझ्या हातून दुधाचं पातेलं पडलं. आवाजाने तिसऱ्या टाकीतला नर उसळला आणि त्याचे गाल बसले. पोट टम्म. अळ्या टाकल्या तर धावत आला, जसं काही झालंच नाही.

मी चक्क रडलो. एक्कावन्न वर्षांचा घोडा, माशाच्या अंड्यांसाठी. कोणाला सांगायचीसुद्धा सोय नाही. मीराला कार्ड लिहायला घेतलं आणि 'इथे सर्व ठीक' असं लिहून संपवलं. ती शहाणी आहे, पण तिचा संसार मोठा. फोन त्यांच्या घरी नाही. एकदा तिच्याशी तासभर बोलायला मिळालं तर बरं होईल.

रविवार, ५ जुलै

पाऊस यंदा ओढ देतोय, नळाला पाणी सकाळीच येतं, तेही करंगळीएवढं. म्हणून टाक्यांचं पाणी बदलायचं लांबलं होतं. तिसऱ्या टाकीतल्या जोडीने मंगळवारी पुन्हा अंडी घातली होती. नराने या वेळी जपून धरली होती, मीही घरात चवड्यांवर चालत होतो.

आज मात्र पाण्याला वास यायला लागला. जपूनच नळी सोडली आणि ओढली. तो पानाखालून अचानक नळीसमोर आला, दचकला आणि सगळी अंडी त्याने एकदम बाहेर टाकली. माझा श्वास तोवर ओढला गेला होता. तोंड भरलं. मी बादलीत थुंकलो. मग ती बादली वाटी वाटीने गाळण्यातून गाळली, दोनदा. एक दाणा सापडला नाही. टाकीतही नाही.

गिळलेलं मला आठवत नाही. जिभेखाली काहीतरी बारीक आहे असं वाटतं. चूळ भरायला पाणी घेतलं, पण भरली नाही.

मंगळवार, ७ जुलै

आहेत. जिभेच्या दोन्ही बाजूंना, जागच्या जागी. जीभ हलवली की आपोआप सरकून जागा करून देतात.

थुंकून टाकायला काय हरकत होती? काल मोरीपाशी उभा राहिलो होतो. पण मोरीत गेली असती. टाकीत सोडावीत तर बाप आता त्यांना ओळखत नाही, तो अळ्या मागत फिरतोय. एकदा माझ्या हातून पातेलं पडलं होतं, एकदा माझ्या नळीने घात केला. तिसऱ्यांदा माझ्याकडून होणार नाही. पिल्लं सुटी होईपर्यंत तोंड मिटून बसायचं, एवढंच. त्या बोटभर माशाला जमतं, मला का जमू नये?

आज आषाढीचा उपास. काकू साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या. मी ताटलीतल्या त्या दाण्यांकडे बघतच राहिलो. काकूंनी विचारलं, खात का नाही, बोलत का नाही. मग त्यांचा चेहरा उजळला. 'मौन धरलात? आजपासून? चार महिने?' मी मान हलवली. काहीतरी सांगणं भागच होतं आणि हे सगळ्यात सोपं होतं. त्यांनी ताटली मागे घेतली आणि मला वाकून नमस्कार केला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या आहेत.

गुरुवार, ९ जुलै

कामावर साहेबांना चिठ्ठी लिहून दिली. टेलिफोन ऑपरेटरचं मौनव्रत, कारखाना दिवसभर हसला. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांच्या आई असं करतात म्हणे. हात जोडून रजा मंजूर केली. बोर्डावर अकाउंट्सच्या सुनंदाला बसवलं. मी पिशवी उचलत होतो तेव्हा ती माझ्या खुर्चीतून, माझ्याच चालीत, 'नमस्कार, कोणाशी बोलायचंय?' असं म्हणत होती. दुपारपर्यंत लोकांना फरकही कळला नसेल.

सोमवार, १३ जुलै

सगळे माझ्याशी फार चांगलं वागतात, आणि कोणीही माझ्याशी बोलत नाही. बोललं तर मला उत्तर द्यायचा मोह होईल म्हणून. माझ्यासमोर उभं राहून माझ्याबद्दल बोलतात, आज तेज दिसतंय चेहऱ्यावर, वगैरे. मुलांनी जिन्यात खेळणं सोडलं. दारात कोणी नारळ ठेवून जातं, कोणी फुलं. पूर्वी निदान काकू खरवडून खरवडून विचारायच्या. आता त्याही ओठांवर बोट ठेवतात, 'गप ऱ्हवा हां, मौन मोडात.' क्षमा गेली त्या आठवड्यातसुद्धा मी एवढा एकटा नव्हतो.

मग बाहेरच्या खोलीतून उठून आत जातो आणि जिभेच्या टोकाने त्यांना हळूच चाचपतो. ती हलतात. खरं सांगायचं तर मला आनंद होतो.

भूक पहिले काही दिवस जीव खात होती, आता दूर कुठेतरी आहे. तहान मात्र आहे. नळाचं पाणी घेतलं तर ती तडफडली, अशी की माझे डोळे पाण्याने भरले. भाजलं असेल. आता नळीने टाकीतलंच थोडं थोडं घेतो. त्यात ती शांत राहतात.

शुक्रवार, १७ जुलै

पिल्लं एव्हाना सुटायला हवी होती. माशाच्या तोंडातून सुटतात.

खिडकीच्या उजेडात आरसा धरला. ओठ जरासे विलग केले, जीभ उचलली. दाणे आता साबुदाण्याएवढे राहिलेले नाहीत, शिजवून फुगलेल्यासारखे झालेत. प्रत्येकात काळे टिपके, दोन दोन. डोळे आलेत.

सगळे माझ्याकडे बघत होते. आरशातल्या माझ्याकडे नव्हे, माझ्याकडे, खालून. मी तोंड मिटलं. नीट सांगता येत नाही, पण ते मी मिटायच्या आधी मिटलं.

सोमवार, २० जुलै

भीती वाटली म्हणून गेलो. पार्ल्याला दातांचा डॉक्टर आहे, पाटी वाचून ठेवली होती. जिन्यापाशीच चक्कर आली, तर काकू रिक्षातून बरोबर आल्या. डॉक्टरांच्या पॅडवर मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, माझ्या तोंडात माशाची अंडी आहेत, ती काढा. डॉक्टरांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी त्यांना बाजूला नेलं, पण मला ऐकू येत होतं. चातुर्मासाचं व्रत आहे, निर्जळी चाललंय, असा भास होतोच. आमचे फणसे शेवटी शेवटी पाटीवर हेच लिहायचे, अगदी हेच, तोंडात मासे आहेत. सुरुवातीला वसुधाताई घाबरली, मग तिलाही पटलं की व्रत अंगात मुरल्याची ती खूण आहे.

डॉक्टरांनी 'आ करा' म्हटलं. मी केलं. म्हणजे करायचं ठरवलं. जबडा हलला नाही. दोनदा, तीनदा. ते म्हणाले, व्रत असलेल्या माणसाचं तोंड मी जबरदस्तीने उघडणार नाही, आणि पैसे न घेता दारापर्यंत पोचवायला आले. उघडलं नाही की मी उघडलं नाही, हे मला अजून कळत नाही.

मार्तंडरावांनी लिहिलं होतं. वाचलं सगळ्यांनी.

वसुधाताई उंबऱ्याबाहेरच का थांबल्या ते कळलं.

रविवार, २६ जुलै

आज टाकीवरची काच काढली आणि तोंड पाण्यात घातलं. उघडलं सहज. एकदम सहज. म्हटलं, जा आता, तुमचं पाणी आहे, पानं आहेत, जा बाळांनो. मनात म्हटलं.

बाहेर आली. ओठांपर्यंत. टाकीतले मासे कोपऱ्यात दाटीवाटीने घुसले, ज्याने यांना जन्म दिला तो नरसुद्धा. थोडा वेळ ती माझ्या ओठांवर रांगेने थांबली, आणि मग एकेक करून परत आत गेली. जीभ आपल्या जागी ढकलून, नीट बसली.

मी दम लागेपर्यंत तसाच होतो. वर आलो तेव्हा मला हसू येत होतं. गेली नाहीत. माझ्याकडे राहिली. चार वर्षांत माझ्याकडे कोणी राहायला मागितलं नव्हतं — हे लिहितानाही मला बरं वाटतंय, आणि त्याचीच भीती वाटते.

मंगळवार, २८ जुलै

उठवत नाही. गादी टाक्यांच्या खाली ओढली आहे, नळी हाताशी.

काकू खिडकीतून नमस्कार करून गेल्या. दाराला आतून कडी आहे म्हणून रागावल्या नाहीत. फणसेही लावून घ्यायचे —

दात हलतात. दोन पडले असावेत. गिळलं नाही, तरी तोंडात सापडत नाहीत. त्यांना जागा कमी पडते.

गुरुवार, ३० जुलै

काकूंनी खिडकीतून मोठ्याने सांगितलं. त्यांनी मीराला पत्र टाकलं होतं, माझ्या व्रताचं, अभिमानाने. पत्ता, मी पेटीत टाकायला त्यांच्याकडे दिलेल्या माझ्याच कार्डावरून घेतला. मीरा रविवारी येते आहे.

मीरा येते आहे. ती दार तोडायला लावेल. लहानपणी मी विहिरीत पडलो होतो तेव्हा हिनेच आरडाओरडा केला होता, पाच वर्षांची होती. तिला सगळं सांगेन. बोलून. कितीही सुटू देत, पडू देत, मरू देत —

असं मनात आलं आणि ती सगळी थांबली. एकदम. ऐकत असल्यासारखी.

शनिवार

त्यांना कळतं. मीराचं नाव मनात आणलं की चावतात. जिभेला. बारीक बारीक.

पाणी घेतलं. बदामाचं. शांत झाली. मीही.

नको. शांत नको. उद्यापर्यंत जागं राहायचं.

रविवार, २ ऑगस्ट

मीराचा आवाज. जिन्यापाशी. काकूंशी बोलते आहे. आवाज जाडा झालाय तिचा. चपला काढल्या.

दार वाजवलं. दादा म्हणाली. दादा, मी आले.

लिहायला येतं, उभं राहायला येत नाही. सरकून पाहिलं, उंबऱ्यापर्यंतही नाही. बाहेरची खोली लांब. चिठ्ठी टाकावी तर दारापर्यंत — एक हाक पुरे. हाक जाईल.

काकू तिला सांगताहेत. हाका मारू नको, व्रत मोडेल, मोडणाऱ्याला पाप लागतं, आणि ज्याचं मोडतं त्याचा घात होतो. एवढ्या दिवसांचं पुण्य. फणशांचं कसं झालं ते सांगताहेत. फोटो दाखवताहेत.

मीरा रडते आहे. म्हणते, दादा फार बोलका होता हो. त्याने हे कसं धरलं?

मीरा बोल. अजून बोल.

गप्प झाली.

दाराशी काहीतरी ठेवलं, डबा असेल. डोकं टेकलं. आवाज आला लाकडाचा, हळू. म्हणते, कार्तिकीनंतर येईन, दादा, तुझं सुटलं की. तेव्हा पोटभर बोलू.

कार्तिकी —

आता. आता हाक मारायची. पडू देत सगळी. चावताहेत, चावू देत. तोंड उघडतो —

उघडत नाही. ओठ बोटांनी धरून — आतून धरलंय. आतून सगळ्यांनी मिळून —

चपला घातल्या. पायरी. दुसरी.

मीरा थांब. मीरा मागे वळ. मी आत आहे, मला बोलायचं आहे, मीरा, मी आ